काठाच्या गळ्यातलं कापड

नदी खात्यात तिला सगळे मॅडम म्हणतात, पण गल्लीत शिरली की ती पाणकोंबडी होते. हे नाव मामांनी ठेवलेलं. लहानपणी शाळेतून आली की दप्तर फेकून पोर थेट काठावर. गुडघाभर चिखलात उभी, मान पुढे काढून पाण्यात काहीतरी शोधते आहे, असं ध्यान रोज दिसल्यावर मामांना दुसरं नाव सुचणार तरी कसं? पुढे ती नद्यांचं शास्त्र शिकली, चांगल्या हुद्द्यावर लागली, डोळ्यांवर चष्मा आणि आवाजात थोडी जरब आली. नाव मात्र जागचं हललं नाही. खात्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते, ड्रायव्हर अदबीने दार उघडतो, आणि तेवढ्यात दुकानाच्या दारातून हाक येते, "आली का पाणकोंबडी? पाय पुसून आत ये गं." ड्रायव्हर हसू गिळतो. गिळलेलं हसू दुसऱ्या दिवशी खात्यात कुठे कुठे पोचतं, ते तिने शोधायचं सोडून दिलं आहे.

मामांचं केस कापायचं दुकान. पुढे रस्ता, मागे नदी, आणि दुकानाला लागून नदीच्या अंगाला एक खोली. त्या खोलीतच पाणकोंबडी वाढली. आईची नोकरी फिरतीची, म्हणून पोर मामा-मामींकडे. खिडकीखाली नदी असल्यामुळे तिला अभ्यासाचा कंटाळा कधी आला नाही, कारण अभ्यास ती करायचीच नाही, नदी बघायची. आता त्या खोलीत मामी झोपते. वर माडी आहे, पण मामीच्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं टाकलं आहे.

आणि खोटं कशाला सांगू, नेमकी तीच खोली नदीच्या डोळ्यावर आली होती.

नदी तिथे वळते. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला धडका देतं आणि माती खातं, आतल्या अंगाला रेंगाळतं आणि गाळ टाकतं. म्हणजे पलीकडच्या लोकांना दर मोठ्या पाण्यात आयती जमीन मिळायची आणि मामांची तेवढीच कमी व्हायची. पाणकोंबडी लहान असताना खिडकी आणि काठ यांच्यामध्ये मामीच्या टॉवेल वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. मग एक दोरी गेली, मग दुसरी. आता उरली होती ती एवढीशी पट्टी, की मामीने खिडकीतून चहाचा कप विसळला तर पाणी थेट नदीत पडावं.

खात्यातल्या साहेबांनी येऊन भिंतीला हात लावला, भेगेत किल्ली घालून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, ही खोली पाडायची. इथे दगडी भिंत घालू. वर दिवे लावू, छान दिसेल."

"सर, इथे भिंत घातली तर पाणी तिच्यावर आपटून पुढच्या घरांकडे वळेल. त्यांच्या खोल्या पडतील. मग तिथेही भिंत घालणार का आपण?"

"घालू की," साहेब म्हणाले. साहेबांना दगड फार आवडतो.

शेवटी तिने भांडून, आर्जवं करून एक मोसम मागून घेतला. काठावर वाळुंजाच्या फांद्या खोचायच्या, कारण वाळुंजाची फांदी ओल्या मातीत रोवली की मुळं धरते. खाली पाण्याच्या कडेला लव्हाळे आणि बोरू, मधल्या उतारावर जे उगवेल ते उगवू द्यायचं. मुळांची जाळी मातीत उतरली की काठ धरून ठेवते, आणि वरची वाढ पाण्याच्या आड आली की काठालगतच्या पाण्याचा जोर मोडतो. पुढचं मोठं पाणी येऊन गेल्यावर काठ होता तिथेच राहिला तर खोली वाचली. आणखी आत आला तर खोली पाडायच्या हुकमावर सही करायची पाणकोंबडीने. ही अट साहेबांनी मुद्दाम घातली होती की सहज, ते त्यांनाच ठाऊक.

तिने मामीला सगळं सांगितलं. मामी म्हणाली, "मला कशाला सांगतेस? त्यांना सांग."

त्यांना, म्हणजे मामांना सांगणं हेच तर अवघड होतं. मामा काठाचे केस कापत.

हो, तसंच. सकाळी दुकान उघडायच्या आधी मोठी कात्री घेऊन ते मागे जायचे आणि काठावरचं गवत, झुडपं, कोंब, जे डोकं वर काढेल ते मुळाशी बारीक करायचे. कडेने अशी रेघ काढायचे की जणू मान साफ केली आहे. वर्षानुवर्षांचा नेम. गिऱ्हाइकं खिडकीतून बघून म्हणायची, "काय पण काठ ठेवलाय मामांनी." मामांची छाती फुगायची. त्या गुळगुळीत काठाकडे बघत नदी काय म्हणत असेल, ते मात्र कुणी विचारलं नाही.

"मामा, कापायचं नाही," पाणकोंबडी म्हणाली. "मुळं खोल जायला हवीत. वरून कापत राहिलात तर खाली मुळं तोकडी राहतात."

मामा हसले. अडाण्याला समजून घेताना हसतात तसे. "पोरी, माझा जन्म गेला यात. कापलं की दाट येतं. कुणाच्याही लेकराला विचार. जावळ काढलं की पुढचे केस कसे येतात?"

"केस दाट होत नाहीत मामा. ते तसे वाटतात."

आता हे वाक्य तिने बोलायला नको होतं. दुकानात तिन्ही खुर्च्यांवर माणसं होती, आणि आरशात तिन्ही चेहरे एकदम वर झाले. मामांनी कंगवा टेबलावर ठेवला. "बघा हो," ते आरशातल्या माणसांना म्हणाले. "एवढं शिकली, आणि आता केसांबद्दल मला सांगते."

तिने फांद्या रोवल्या. आठवड्याने येऊन बघते तर सगळ्या फांद्यांची एका उंचीवर नीट छाटणी, आणि त्यांना फुटलेली कोवळी पालवी एका बादलीत गोळा करून ठेवलेली. "वेडेवाकडे उगवले होते," मामा म्हणाले. "सारखे करून दिले."

तिने पुन्हा रोवल्या आणि खात्याची पाटी लावली. 'लागवड चालू आहे, तोडू नये.' पुढच्या वेळी आली तेव्हा पाटी लखलखत होती. मामांनी ती साबणाने धुतली होती आणि तिच्या खांबाभोवतीचं गवत इतक्या नजाकतीने काढलं होतं, की कल्ले राखावेत तसा एक छोटा गोल तेवढा ठेवला होता. "आता पाटी वाचता येते," ते म्हणाले. "आधी गवत आड येत होतं."

पाणकोंबडीने कपाळाला हात लावला. तो तिने त्या काळात इतक्यांदा लावला की तिथे कायमचा डाग पडायचाच काय तो बाकी होता.

मग तिने ठरवलं, बोलून उपयोग नाही, दाखवायचं. एका सुटीच्या दिवशी ती दोन ढेकळं घेऊन आली. एक मामांच्या कापलेल्या काठाचं, त्यात बोटभर मुळं. दुसरं नदीच्या वरच्या अंगाला, जिथे कुणी हात लावत नाही तिथून आणलेलं. त्यातून मुळांचा झुबका जमिनीपर्यंत लोंबत होता. दोन्ही तिने दुकानात, आरशाखालच्या फळीवर ठेवली. वस्तऱ्याशेजारी माती बघून मामांचा चेहरा आंबला, पण पाहुणी घरचीच, म्हणून वस्तरा तेवढा बाजूला सरकवला.

"हे तुमचं, हे न कापलेलं. सांगा, पाण्यात कुठलं टिकेल?"

मामांनी चष्मा लावला. लांब मुळांचा झुबका उचलून उजेडात धरला, बोटांमधून फिरवला, टोकं निरखली. पाणकोंबडी आरशापाशी सरकली. खुर्चीतलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवून बघत होतं.

"टोकं फुटलीत," मामा म्हणाले. "आधीच कापायला हवं होतं."

त्या दिवशी ती मामीच्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. मामी टॉवेलांच्या घड्या करत होती.

"मामी, हा माणूस तुझ्या उशाखालची जमीन कापतोय. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. लग्न झाल्यापासून वाटतंय." मामीने घडी झटकली. "त्यांना पटवून कुणी थांबवलेलं मी तरी बघितलं नाही. ते अडतात फक्त आपल्या धंद्याच्या रीतीपाशी. तिथे मात्र हूं की चूं नाही."

पाणकोंबडीच्या डोक्यात हे शिरलं नाही. डोक्यात राग होता, जागाच नव्हती.

शिरलं ते पुढच्या खेपेला. मोठं पाणी यायला अजून काही महिने होते, फांद्यांचा तिसरा हप्ता गाडीत होता, आणि रोवून उपयोग काय म्हणून ती दुकानाच्या बाकावर नुसतीच बसली होती. मधल्या खुर्चीत मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून कुणाचंच ऐकून न घेणारे गृहस्थ. त्यांची डावी बाजू कापून झाली होती, उजवी जशीच्या तशी. तेवढ्यात मामांची नजर मागच्या खिडकीतून काठावर गेली. एक कोंब वर आलेला दिसला. झालं. "आलोच," म्हणून मामा मोठी कात्री घेऊन मागे पसार.

मास्तरांनी जरा वाट बघितली. मग बाकाकडे बघून म्हणाले, "तुझ्या मामाला माझ्या डोक्यापेक्षा त्या उतारावरचं गवत महत्त्वाचं."

"माझ्यापेक्षाही, मास्तर."

"मला कार्यक्रमाला जायचंय. असा अर्धा जाऊ?" मास्तर तडक उठले आणि गळ्यातल्या कापडासकट रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरले. समोरचाही न्हावीच, आणि मामांचा जुना वैरी. दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायला टपलेले. पाणकोंबडी दाराशी येऊन बघत राहिली. मास्तर गेले तसेच परत आले, तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"हात लावायला तयार नाही. म्हणतो, कापड त्यांचं आहे. ज्याचं कापड गळ्यात, डोकं त्याचं. त्यांनी सोडल्याशिवाय मी कात्री उचलणार नाही. एवढं वैर, पण इथे दोघांचं एकमत."

मामा हात पुसत आत आले, मास्तरांना परत बसवलं, आणि सगळं कळल्यावर समोरच्या दुकानाकडे बघून मान हलवत म्हणाले, "माणूस नालायक आहे, पण रीत पाळतो."

पाणकोंबडी उभीच राहिली. ही रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती. एकदा मामा जेवत असताना समोरच्याकडून भांडून आलेल्या माणसाला मामांनी दाढीच्या फेसासकट परत पाठवलं होतं, आणि तो बिचारा एका गालाची दाढी तशीच घेऊन दिवसभर लपत फिरला होता. ठाऊक होतं, पण त्याचा कुठे उपयोग करायचा, हे सुचायला तिला इतका मनस्ताप भोगावा लागला.

ती मागच्या खोलीत गेली. "मामी, तुझ्याकडे मोठं कापड आहे? दुकानातलं नको. मामांचं काहीच नको."

मामीने एकदा तिच्याकडे बघितलं. खिडकीचा पडदा काढला, फुलाफुलांचा. मग कपाट उघडून त्याचा जोडीदार काढला, दोन्ही जोडले आणि टोकांना नाड्या शिवल्या. शिवताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कात्री घेऊन मागे आले, तर उताराच्या वरच्या कडेने खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांच्याभोवती फुलाफुलांचं कापड, बरोबर मानेमागे गाठ मारतात तशी गाठ मारून बांधलेलं. उतारावर नव्या फांद्या, आणि चिखलात पाणकोंबडी.

"हे काय?"

"माझं कापड."

"कशाला?"

"काम चालू आहे."

मामा कापडाकडे बघत राहिले. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. "हा माझा काठ आहे."

"असेल. डोकंही मास्तरांचंच होतं. पण कापड कुणाचं होतं?"

"तू न्हावी आहेस का?"

"या काठापुरती आहे."

खिडकीत मामी उभी होती. दुकानाच्या मागच्या दारात एक गिऱ्हाईक गळ्यात कापड घेऊन, तोंडाला फेस तसाच, येऊन थांबलं होतं. ते म्हणालं, "मामा, रीत म्हणजे रीत."

"तू आत बस," मामा खेकसले. मग पाणकोंबडीकडे वळून, आवाज खाली आणून, "किती वेळ लागेल?"

"गिऱ्हाईक मोठं आहे, मामा. मोठं पाणी उतरेपर्यंत."

"एवढा वेळ कुणी एका डोक्याला लावतं?"

"लोक थांबतात. तुमच्याकडे थांबतातच की."

मामांनी कात्री मिटली. आयुष्यात पहिल्यांदा ती न वापरता परत नेताना त्यांना ती कुठल्या हातात धरावी ते कळेना.

पण म्हणून पाणकोंबडीची सुटका झाली असं कुणी समजू नये. हात लावायची बंदी होती, बोलायची नव्हती. मामा रोज सकाळी कापडाच्या अलीकडे उभे राहून सल्ले देऊ लागले. डावीकडे जास्त झालंय. मधे टक्कल आहे, तिकडे बघ. हे काय भिकाऱ्यासारखं वाढवलंयस. खात्यात तिच्या फोनवर मामांचे निरोप येत: उजवीकडचा कोंब पाटीच्या वर गेला, कळवतो आहे. आणि कापडाच्या बाहेर, नदीत उतरायच्या पायऱ्यांपाशी, एक पट्टी मामांनी स्वतःसाठी राखली. तिथे त्यांची जुनी, फाटकी, लोखंडी पायाची खुर्ची होती. दुपारी तीत बसून ते डुलकी काढत. ती पट्टी त्यांनी अशी तासली की पाणकोंबडीचा काठ तिच्यापुढे गबाळा दिसावा. गिऱ्हाइकांना ते खिडकीतून दोन्ही दाखवत. "हे माझं काम. ते तिचं."

गिऱ्हाइकं पाणकोंबडीसमोरच हसत. एकाने विचारलं, "मॅडम, काठाला नुसती दाढी ठेवायची की मिशाही?"  तिने दात इतके आवळले की मामीला मागच्या खोलीत कळलं.

वाळुंज वाढला. लव्हाळे दाट झाले, त्यांच्या बुडाशी पाणी संथ झालं, आणि त्या संथ पाण्यात बोटाएवढ्या माशांचे थवे सावलीला येऊन थांबू लागले. मग मासे खायला खंड्या आला. चतुर आले. एक बेडूक मामीच्या टॉवेलांच्या टोपलीत निघाला. आणि एके दिवशी बोरूच्या आडून खरीखुरी पाणकोंबडी, काळी, लाल कपाळाची, मागे पिल्लं घेऊन बाहेर आली. मामांनी लगेच फोन केला. "तुझ्या घरचे आलेत. चहा ठेवू का?"

मग पाणी चढलं. सकाळी नदी नेहमीची होती, दुपारी तपकिरी आणि फुगलेली, आणि तिसऱ्या प्रहरी ती वळणावर येऊन खोलीच्या अंगाला धडका देऊ लागली. पाणकोंबडी खात्याच्या गाडीतून आली, तेव्हा मामी पलंगावर बसलेली. "वर चल."

"गुडघे."

"मामा उचलतील."

"त्यांनी मला लग्नातसुद्धा उचललं नाही."

पण मामांनी उचललं. पायरी पायरीने, माडीवर. वर खिडकीपाशी तिघं उभी राहिली. खाली पाण्याने वाळुंजाची अख्खी रांग आडवी केली होती. सगळ्या फांद्या एका दिशेला, भांग पाडावा तशा, आणि काठालगतचं पाणी त्यांच्यात अडखळत होतं. कापड कधीच पाण्याखाली गेलं होतं. पाणकोंबडीने खिडकीचा गज धरला होता. मामा काही तरी म्हणायला गेले; मामीने नुसतं बघितलं, आणि ते पाण्याकडे बघू लागले.

तेवढ्यात पायऱ्यांपाशी आवाज झाला. मामांची तासलेली पट्टी एका तुकड्यात सुटली, जराशी तरंगल्यासारखी झाली, आणि खुर्चीसकट खाली गेली. लोखंडी पाय एकदा वर दिसले.

 पाणकोंबडीच्या जिभेवर खूप काही आलं होतं. मामांचा चेहरा बघून तिने ते गिळलं. असं गिळायला किती लागतं, हे ज्याला मामा आहे त्यालाच कळेल.

पाणी उतरल्यावर साहेब आले. भेगेत पुन्हा किल्ली घालून बघितली. खिडकीपासून काठ होता तिथेच होता. चिखलाने माखलेला वाळुंज हळूहळू मान वर करत होता, आणि मामीचं फुलाफुलांचं कापड दोन खुंट्यांना अडकून तसंच लोंबत होतं. साहेब जरा हिरमुसले. पण "ठीक आहे, खोली राहू द्या," म्हणाले आणि पायऱ्यांपाशी तुटलेल्या जागेकडे बघून, "इथे तरी दगड घालू या," असंही.

पाणकोंबडी धन्यवाद द्यायला वळणार, तोच दुकानातून मामांचा आवाज आला. मधल्या खुर्चीत मास्तर होते, दारात माणसं उभी.

"टिकला कसा, विचारा," मामा सांगत होते. "इतकी वर्षं कापून कापून मुळं घट्ट मी केली होती. तिने नुसतं कापड बांधलं."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "कापलं की दाट येतं."

पाणकोंबडी दारात उभी राहिली.  खुर्ची का गेली, हे एका वाक्यात विचारता आलं असतं. आरशात मामांनी तिला पाहिलं आणि कात्री हवेत थांबवून, जरा सांभाळूनच विचारलं, "मग, पाणी तर उतरलं. कापड कधी काढतेस?"

मागच्या खोलीत मामी पलंगावर चादर घालत होती. खिडकीला पडदा नसल्यामुळे आत नदीचा उजेड सरळ येत होता.

"एवढ्यात नाही, मामा," पाणकोंबडी म्हणाली. "अजून माझा हात चालू आहे."

आणि ती मागे गेली, कापड चिखलातून सोडवून पिळलं, खुंट्या पुन्हा ठोकल्या, आणि या खेपेला पायऱ्यांपाशी तुटलेली जागासुद्धा आत घेऊन गाठ मारली. दोन गाठी मारल्या. तिला मामा ठाऊक होते.